खजुराच्या दिवसांत पडलेला दात

इमारतींच्या मधल्या झाडांवर पुन्हा जाळ्या चढल्या. खजुराचे घड पिवळे व्हायला लागले की बागेची माणसं शिड्या लावून वर जातात आणि एकेका घडाला जाळीची पिशवी बांधतात. पाखरांनी खाऊ नये, पिकलेलं खाली सांडू नये म्हणून. खालून बघताना मला वाटतं, ही झाडं बाजार करून आली आहेत, दोन्ही खांद्यांना पिशव्या आहेत, आणि आता कुणीतरी दार उघडेल म्हणून उभी आहेत.

आम्ही राहतो ती डिस्कव्हरी गार्डन्सची वस्ती बुटक्या इमारतींची आहे. झाडं थेट खिडकीशी येतात. हवा स्वच्छ असली तर लांबवर मरीनाच्या उंच इमारती दिसतात, नाहीतर नुसती पांढरी वाफ. निखिल, माझा मुलगा, म्हणतो, आई, जुलैमध्ये दुबईत खाली कोण फिरतं? मी ऊन तापायच्या आत एक फेरी मारून येते. अर्धे शेजारी सुट्टीला गावी गेलेले असतात, झोपाळे रिकामे असतात, आणि कुणाशी बोलावं लागत नाही. मला बोलायचं दडपण फार. लिफ्टमध्ये कुणी आलं की मी मजल्यांचे आकडे वाचत राहते.

या दिवसांतल्या हवेला एक वास असतो. तापलेल्या धुळीचा आणि त्यात मिसळलेल्या पिकत्या गोडाचा. तो नाकात गेला की मी इथे राहत नाही. कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर जाऊन उभी राहते. ते दिवस थंडीचे होते आणि हे भट्टीचे, पण चुलाणाच्या तोंडाशी उभं राहिलं की अंगावर अशीच झळ यायची. काहिलीत रस उकळायचा, वर मळी यायची, ती काढून टाकली की खालून सोन्याचा रंग दिसायचा. चिपाडांच्या ढिगावर बसलं की फ्रॉकला चिकटा लागायचा आणि मागून माश्या यायच्या.

त्या गुऱ्हाळावर मी सात वर्षांची होते आणि सिनेमात काम करत होते. हे लिहितानाही माझी मान खाली जाते.

माझे वडील स्टुडिओत सुतार होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते सिनेमातली घरं बांधत. समोरून पाहिलं तर ओटा, दार, कोनाडा, सगळं असायचं. मागून गेलं तर नुसते बांबू आणि खिळे. मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि त्या घरांच्या मागे खेळायची. दिग्दर्शकांना सगळे अण्णा म्हणत. एक दिवस त्यांनी मला दाराच्या पुढे ये म्हणून हाक मारली, आणि मी मागून पुढे आले. एवढंच झालं. पडद्यावर माझं नाव बेबी शेवंती असं आलं. घरी मी शेवंताच होते.

हे सगळं मी कधीचं मिटवून ठेवलं होतं. गेल्या वर्षी याच दिवसांत ते पुन्हा उघडलं गेलं. मानसी, माझी सून, जबल अली बंदरावर माल पाठवणाऱ्या एका कंपनीत आहे. शुक्रवारी ती लवकर येते. तशी आली आणि चपला काढता काढताच फोन पुढे करून म्हणाली, आई, हे तुमच्याबद्दल आहे. जुन्या बालकलाकारांविषयी कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं होतं. त्यात माझा एक काळा-पांढरा फोटो होता आणि खाली माहिती. मानसी मोठ्याने वाचत गेली. माझा जन्म सांगलीचा लिहिला होता, तो चुकीचा. जो सिनेमा मी केलाच नाही तो माझ्या नावावर होता. आणि शेवटी लिहिलं होतं की या मुलीला खऱ्या आयुष्यातही बोलता येत नव्हतं असं म्हणतात, आणि सध्या ती कुठे आहे याची माहिती उपलब्ध नाही.

निखिल म्हणाला, "उपलब्ध आहे. मेथी निवडते आहे."

सगळे हसले. माझी नात इरा तेव्हा सात वर्षांची होती. ती माझ्या मांडीवर कोपर टेकून म्हणाली, "आज्जी, वेअर यू रिअली म्यूट?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"बघ," निखिल म्हणाला, "तेसुद्धा मान हलवूनच सांगितलं."

मानसीने ते पान महाराष्ट्र मंडळाच्या बायकांना पाठवलं. तिचा हेतू चांगला होता. तिला माझा अभिमान वाटला होता आणि मला त्याने कसंतरीच झालं. त्या बायकांतल्या एकीचा नवरा जाहिरातींचं काम करतो. त्याने निरोप पाठवला की आजीच्या रक्तातच अभिनय आहे तर नातीला आणा, शाळा उघडायच्या आधी दप्तरांची एक जाहिरात करायची आहे. इरा तयारच होती. ही पोर झोपेतसुद्धा बोलते. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं अर्धं वाक्य झालेलं असतं. तिला पाहताक्षणी त्यांनी घेतलं.

पहिल्या दिवसाचं शूटिंग मरीनाच्या एका फ्लॅटमध्ये होतं. मी सोबत गेले आणि भिंतीशी उभी राहिले. मला सगळ्यात नवल वाटलं ते दिव्यांचं. आता दिवे तापतच नाहीत. आमच्या वेळी एकेक दिवा म्हणजे चूल होती, डोळ्यांतून पाणी यायचं आणि लोक म्हणायचे, काय रडते पोर. इराच्या तोंडावर तो थंड उजेड पडला होता. ती दप्तरात पुस्तकं भरत होती, हसत होती, आणि अवघं एक वाक्य बोलायचं होतं तिथे चार बोलत होती. माणसं खूश झाली. उरलेलं शूटिंग पुढच्या शनिवारी, शाळेच्या फाटकाशी करायचं ठरलं; तिथेही तिला एक वाक्य होतं.

मधल्या दिवसांत खजूर पिवळा झाला.

आमच्या वरच्या मजल्यावर उम्म हानी राहते. इजिप्तची आहे, माझ्याच वयाची, अंगाने भरलेली, मोठ्याने हसणारी. तिचं अरबी, माझं मराठी आणि मध्ये दोघींचं तुटकं हिंदी, यावर आमचं चालतं. तिने वाडगाभर पिवळे खजूर आणून दिले. पिकलेले नव्हेत, या दिवसांत मिळणारे कच्चे. कडक असतात, चावले की कटकन आवाज होतो, आधी गोड लागतात आणि मग तुरट होऊन जिभेला धरून ठेवतात. इराने एक घेतला, चावला, आणि ती थांबली. खजूर तोंडातून बाहेर काढला तर त्यात तिचा पुढचा दात उभा होता.

तिला कोण आनंद झाला. माय टूथ, माय टूथ करत ती घरभर पळाली. उम्म हानीने टाळ्या वाजवल्या आणि खुणा करून सांगितलं की त्यांच्याकडे पडलेला दात सूर्याला फेकतात. त्याला सांगायचं, हा म्हशीचा दात घे आणि नवरीचा दे. मी म्हटलं, आमच्याकडे कौलावर टाकतात, उंदीर नवा देतो. ती म्हणाली, उंदीर इधर नहीं, सूरज बहुत.

तेवढ्यात मानसी कामावरून आली. तिने इराचं तोंड पाहिलं आणि पर्स हातात धरून तशीच उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "कंटिन्युइटी."

हा शब्द मला माहीत होता. ए बी सी डी शिकायच्या आधी मी जे एकुलतं एक इंग्रजी शिकले ते हेच. आधीच्या शॉटमध्ये जे असेल ते पुढच्या शॉटमध्ये असलं पाहिजे. केसाची बट, कपाळावरची टिकली, दात.

मानसीने फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, नो प्रॉब्लेम हबीबी, तोंड मिटून हसू दे, वाक्य नंतर दुसऱ्या मुलीच्या आवाजात टाकू, जमलं तर डॉक्टरकडून खोटा दात बसवू. म्हणून तो दात ना सूर्याकडे गेला ना उंदराकडे. नमुना लागेल म्हणून मानसीने तो डबीत घालून फ्रिजवर ठेवला. मग आरशासमोर सराव सुरू झाला. मानसी मायेने सांगायची, ओठ उघडायचे नाहीत हं बाळा, नुसतं गोड हस. इरा हुशार. तिला लगेच जमलं.

फारच जमलं. दुसऱ्या दिवशी ती टीव्ही बघताना हसली आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. त्यानंतरच्या दिवशी तिने दूध मागितलं ते बोट दाखवून. मी विचारलं, काय गं, घसा दुखतो? तिने मान हलवली. खाली झोपाळ्यावर तिची मैत्रीण हाक मारत होती, तर ही खिडकीतून हात हलवून आत आली. घर गप्प झालं. आमचा एसी घरघर आवाज करतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी भाजी चिरत बसले होते. इराकडे बघताना माझ्या लक्षात आलं की माझा स्वतःचा पदर ओठांवर आहे. काही हसण्यासारखं झालं नव्हतं. तो तिथे असतोच.

आता गुऱ्हाळाचं सांगते. सिनेमात एक प्रसंग होता, मुलगी चिपाडांवर बसून ऊस खाते. अण्णांना तो खरा हवा होता. म्हणून उसाचं कांडं दिलं आणि म्हणाले, दाताने सोल. मी सोललं. कधी ढग आला, कधी बैल मध्ये आला, कधी कॅमेऱ्यात काही अडकलं. दर वेळी नवं कांडं. असं करता करता पुढचा दात हलला आणि शेवटी उसातच राहिला. शेजारचा दात त्याच्या पाठोपाठ गेला. तोवर अर्धा सिनेमा झाला होता आणि त्यात माझे सगळे दात दिसत होते. इतकी माणसं होती तिथे, प्रत्येकाच्या घरी पोरं होती, पण सात वर्षांच्या मुलीचे दात पडणार हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मेकअपदादांनी मेणाचे दात केले. बोलायला लागले की ते जिभेवर यायचे. अण्णांनी डोकं धरलं. मग ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, शेवंते, शूटिंग संपेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत. डोळ्यांनी बोल. माझी पुढची सगळी वाक्यं काढून टाकली. सिनेमाच्या शेवटी आई कामासाठी लांब जायला निघते, बैलगाडी उभी आहे आणि मुलगी दारात आहे, हा मोठा प्रसंग होता. त्यातली माझी वाक्यं दादांनी रंधा मारता मारता माझ्याकडून घोकून घेतली होती. तीही गेली. मी दारात गप्प उभी राहिले. ते दार दादांनीच केलेलं होतं, त्याच्या मागे काही नव्हतं.

लोकांनी तो प्रसंग पाहिला आणि थिएटरात रडले म्हणतात. वर्तमानपत्रांत आलं की ही मुलगी न बोलता बोलते. झालं. पुढच्या सिनेमात मला मुकी मुलगी केलं, त्याच्या पुढच्यात भेदरलेली. नवे दात कधीच आले होते, पण ते कुणाला नको होते. घरी पाहुणे आले की म्हणायचे, बोलू नको गं, नुसती बघ आमच्याकडे. शाळेत हजेरीला माझं नाव आलं की मागच्या बाकावरच्या मुलीच हजर म्हणायच्या. मग उंची वाढली आणि मुक्या मुलीचं काम दुसऱ्या लहान मुलीला गेलं. शाळेतल्या मैत्रिणी तोवर खूप पुढे गेल्या होत्या. चौथीनंतर माझं नाव कुठल्या हजेरीत लागलं नाही. लग्न झालं. मी तोंडावर पदर घेऊन हसते, याला निखिलचे बाबा खानदानी वळण समजायचे. माहेरची शिस्त म्हणून कौतुक करायचे. त्यांना मी खरं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मलाच वाटलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी शूटिंग होतं. इरा ओठ मिटून चावत होती, म्हाताऱ्या माणसासारखी. या घरात मला कुणी काही कमी पडू देत नाही, पण मुलांच्या निर्णयात मी कधी बोलले नव्हते. बोललेच नव्हते कशात. माझ्यासमोर ही पोर मिटत चालली होती आणि ती कुठवर मिटत जाते हे या घरात फक्त मला माहीत होतं.

मी ताटाकडे बघत सांगायला सुरुवात केली. ऊस, दात, मेण, अण्णा. आवाज मध्येच जायचा, मी पाणी प्यायचे आणि पुन्हा सांगायचे. निखिलने जेवण थांबवलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने तो सिनेमा पाहिला होता आणि शेवटच्या प्रसंगात तोही रडला होता.

मानसीने इराच्या ताटात पोळीचा तुकडा मोडून ठेवला. मग हळूच म्हणाली, "पण आई, उद्यापुरतंच तर आहे. शूटिंग झालं की खलास."

"मलाही शूटिंग संपेपर्यंतच सांगितलं होतं, मानसी."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे माझ्या तोंडाकडे. मला तेव्हा कळलं की माझा हात पदरासकट वर आला आहे. मी तो खाली घेतला. तो मांडीवर ठेवणं फार अवघड गेलं.

मानसी उठली, फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. तिचं बोलणं अर्धं ऐकू येत होतं. नो, ॲज शी इज. नो डेंटिस्ट. मुलगी जशी आहे तशी येईल आणि स्वतःचं वाक्य स्वतः बोलेल, नाहीतर दुसरी बघा. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. ती म्हणाली, सकाळी सांगतो म्हणालेत. आणि तिने फ्रिजवरची डबी काढून इराच्या ताटाशेजारी ठेवली.

सकाळी फोन आला. त्यांनी इराला बोलावलं, पण वेगळंच केलं. जाहिरात पुढे टीव्हीवर लागली ती अशी: आधी इरा घरात दप्तर भरते आणि सगळे दात दाखवून हसते. मग शाळेचं फाटक येतं आणि एक मुलगी दप्तर घेऊन आत जाते. तिचं तोंड दिसतच नाही. फाटकाशी बोलायचं वाक्य एक उंच मुलगा बोलतो. मानसीला वाईट वाटलं. इराला अजिबात नाही. जो कुणी येईल त्याला ती सांगायची, "दॅट्स मी. फ्रॉम द बॅक." आणि सांगताना दातांतली ती मोठी खिडकी उघडी असायची, तिच्यातून थोडी थुंकीही उडायची.

दात आम्ही फेकला. उम्म हानी खाली आली होती. ऊन इतकं होतं की वर बघवत नव्हतं. इराने डोळे मिटून दात सूर्याकडे भिरकावला, अरबीत एक सांगितलं, मराठीत उंदरालाही सांगितलं. दात झाडाच्या दिशेने गेला. खाली पडल्याचा आवाज आला नाही. कदाचित एखाद्या जाळीत अडकला असेल, खजुरांच्या घडात. त्या वर्षीचा खजूर उम्म हानीने आम्हाला दिला तेव्हा निखिल प्रत्येक खजूर आधी बोटाने दाबून बघत होता.

यंदा पुन्हा घड पिवळे झाले आहेत. इराचा नवा दात आला, तिच्या चेहऱ्याला जरा मोठाच आणि कडेला कातरलेला. ती पुन्हा पहिल्यासारखी बोलते. मध्ये तिने ते इंटरनेटवरचं पान शोधून काढलं आणि खाली इंग्रजीत लिहिलं की माझी आजी मुकी नाही, ती हळू बोलते. मला वाचून दाखवलं. कुणी उत्तर दिलेलं नाही.

परवा सकाळी फेरीला ती माझ्याबरोबर आली. झाडाखालच्या बाकावर बसलो. तिने विचारलं, त्या सिनेमात तुझी वाक्यं काढली ना, ती काय होती?

मला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. अण्णा विसरले असतील, दादा गेले, ज्या कागदावर ती होती तो कधीच फाटला असेल. मी मात्र ती विसरले नव्हते. भांडी घासताना, रांगेत उभी असताना, विमानतळावर निखिल पहिल्यांदा इकडे यायला निघाला तेव्हा, ती माझ्या ओठांच्या आत येऊन थांबायची.

मी इकडेतिकडे पाहिलं. पदर खांद्यावरच राहू दिला. म्हटलं, "आई, कधी येणार ते सांगू नकोस. सांगितलंस तर मी मोजत बसेन. नुसती ये."

इरा पाय हलवत ऐकत होती. तिने मान तिरकी केली. नीट विचार केला.

"गुड," ती म्हणाली. "पण आज्जी, आय कुडंट हिअर यू. वन मोअर. लाऊड."

मी घसा साफ केला. उभी राहिले, कारण दारात उभं राहूनच ते म्हणायचं होतं. समोर रिकामे झोपाळे होते, वर पिशव्या टांगलेली झाडं. मी आईला हाक मारली, बैलगाडीपर्यंत पोचेल अशी. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि उम्म हानी ओली भांडी हातात घेऊन खाली बघू लागली, कोण कुणाला एवढ्या मोठ्याने बोलावतंय म्हणून.

मी थांबले नाही. पुढची वाक्यंही म्हटली.